ताबा, वहिवाट, उपभोग : ऑस्ट्रेलियातल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
ऑस्ट्रेलियातल्या सर्व महाराष्ट्र मंडळांची कार्यकारिणी आणि सभासद मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मागच्या गणेशोत्सवात मी एका मंडळाच्या कार्यक्रमाला होते. कुठल्या शहरातलं मंडळ ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच चालतं. आरती झाली, अथर्वशीर्ष झालं, ढोलपथकातली मुलं घाम पुसत खाली बसली. मग निवेदिकेने मोबाइल डोळ्यांसमोर धरून 'ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री'ची, म्हणजे त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचा मान राखणारी, दोन इंग्रजी वाक्यं वाचली. ज्यांच्या भूमीवर तो हॉल उभा आहे त्या लोकांच्या नावापाशी ती अडखळली, हसली, "सॉरी हं" म्हणाली आणि त्याच दमात जेवणाच्या कुपनांची सूचना सुरू झाली. माझ्या मागच्या रांगेतून आवाज आला, "झालं एकदाचं भूमिपूजन!" लोक हसले. मीही हसले.

त्या निवेदिकेची चूक काढायला हे पत्र लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी माइक माझ्या हातात होता आणि मीही तसंच उरकलं होतं. तेव्हा मला त्या नावांमागचा एकही माणूस ठाऊक नव्हता. आता एक ठाऊक आहे. मी क्वीन्सलँड राज्यातल्या टाउन्सव्हिलला राहते, तोही इथेच राहायचा. त्याच्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे आणि तेही मराठीत, कारण त्याची गोष्ट मला खऱ्या अर्थाने समजली ती माझ्या बाबांच्या तोंडून, म्हणजे एका निवृत्त तलाठ्याच्या तोंडून.

बाबा दोन वर्षांपूर्वी इथे आले होते. पर्यटनाचा त्यांना कंटाळा. मॅग्नेटिक आयलंडला नेलं तर म्हणाले, "छान आहे, पण इथे पाणी कुठून आणतात?" शेवटी मी त्यांना माझ्या कामाच्या ठिकाणी, जेम्स कुक विद्यापीठात, घेऊन गेले. ग्रंथालयावरचं नाव त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं : एडी कोइकी माबो.

"कोण हे? देणगीदार?"

"नाही. इथे माळी होते."

बाबा थांबले. ज्या देशात माळ्याचं नाव विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देतात तो देश त्यांना एकदम आवडून गेला. मला पुढचं सांगावं लागलं, त्यानंतर तो थोडा कमी आवडला.

कोइकी २९ जून १९३६ ला मेर बेटावर जन्मले. मेर म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीतलं पूर्वेकडचं एक बेट. लांबी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, रुंदी त्याहून बरीच कमी. आपल्याकडच्या एखाद्या गावाच्या शिवारात मावेल एवढं. टाउन्सव्हिलहून उत्तरेला हजारेक किलोमीटर. तिथल्या लोकांना मेरियम म्हणतात. जन्मानंतर लगेचच आई गेली आणि मामाने, बेनी माबो यांनी, मुलाला आपलं म्हणून वाढवलं. मेरवर मूल असं घरातल्या घरात दत्तक देण्याची रीत जुनी. आईच्या माहेरी वाढलेली मुलं आपल्यातही कमी नाहीत, त्यामुळे इथवर बाबांना काहीच परकं वाटलं नाही.

बेटावर बागा होत्या. याम, केळी, नारळ. प्रत्येक बागेला मालक आणि प्रत्येक मालकाला आपली हद्द तोंडपाठ : या दगडापासून त्या झाडापर्यंत. बेनींनी मुलाला हद्दी दाखवल्या, जशा त्यांना त्यांच्या वडिलांनी दाखवल्या होत्या. मोजणीदार नाही, नकाशा नाही, चतु:सीमा सगळी डोक्यात. आणि वर मालोचा कायदा. मालो हा मेरचा देव, रूप अष्टपादाचं, म्हणजे ऑक्टोपसचं. त्याच्या कायद्याची सुरुवात अशी : 'मालो टाग माउकी माउकी, टेटेर माउकी माउकी'. अर्थ असा की मालो आपले हात आपल्यापाशी ठेवतो, जे त्याचं नाही त्याला शिवत नाही, त्याचे पाय त्याला दुसऱ्याच्या जमिनीत नेत नाहीत. ज्याला आठ हात, त्यानेच हात आवरायचे!

मी हे मोठ्या कौतुकाने सांगत होते. बाबांनी एका वाक्यात भाषांतर केलं : "म्हणजे बांध कोरायचा नाही."

अगदी तेच. मंडळी, ज्यांच्या घरात बांधाच्या हातभर पट्टीपायी दोन चुलत्यांनी तीस वर्षं तोंड पाहिलं नाही, त्यांना मालोचा कायदा समजावून सांगायला मानववंशशास्त्रज्ञ कशाला हवा?

आता मालकीचा कागद. १८७९ मध्ये क्वीन्सलँडच्या वसाहतीने ही बेटं आपल्यात जोडून घेतली. लंडनमध्ये आणि ब्रिस्बेनमध्ये सह्या झाल्या. मेरवर माणसं त्या दिवशीही आपापल्या बागेतच असणार. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं तर त्याआधीच उरकलं होतं. १७७० च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन कुकने याच सामुद्रधुनीतल्या एका छोट्या बेटावर झेंडा रोवून सगळा पूर्व किनारा राजाच्या नावे केला. पुढे वसाहतीच्या कायद्याने धरून चालायचं ठरवलं की इथली जमीन कुणाचीच नव्हती. त्याला लॅटिनमध्ये 'टेरा नलियस' म्हणतात. आपल्या महसुली मराठीत सांगायचं तर अख्ख्या खंडाची नोंद 'पड' अशी केली, आणि कब्जेदाराच्या रकान्यात एकच नाव चढवलं.

कोइकींना हे काहीच माहीत नव्हतं. हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका, सगळी गोष्ट याच वाक्यावर उभी आहे. सोळाव्या वर्षी दारू प्यायल्याबद्दल त्यांना बेटाबाहेर काढलं गेलं. मग शंख-शिंपल्यांच्या बोटींवर काम, ऊसतोडणी, रेल्वेचे रूळ टाकणं. (ऊसतोडणी म्हटल्यावर बाबांनी मान हलवली. बीडचा माणूस असो की बेटाचा, कोयता तोच.) १९५९ मध्ये बोनिटा नीहाऊंशी लग्न झालं. बोनिटांचे पूर्वज पॅसिफिकमधल्या बेटांवरून उसाच्या मळ्यांसाठी आणलेले मजूर. दहा मुलांचं घर, त्यात काही दत्तक. टाउन्सव्हिलला बंदरात काम केलं, आणि साठीच्या दशकाच्या अखेरीपासून १९७५ पर्यंत विद्यापीठात माळी. विद्यापीठाचं नाव पुन्हा वाचा : जेम्स कुक. ज्याने झेंडा रोवला त्याच्या नावाच्या आवारात हा माणूस हिरवळ कापत होता, आणि जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन स्वतःच्याच बेटावरचे ग्रंथ वाचत होता. १८९८ मध्ये केंब्रिजहून एक पथक मेरवर आलं होतं. त्यांनी तिथल्या घराण्यांच्या वंशावळी टिपून छापल्या होत्या. नाशिकला गेल्यावर तीर्थोपाध्याय वही उघडून आपल्या खापरपणजोबांची सही दाखवतात तेव्हा अंगावर काटा येतो की नाही? तसं काहीसं त्या माळ्याला त्या ग्रंथालयात होत असेल.

तिथे इतिहास शिकवणाऱ्या हेन्री रेनॉल्ड्स आणि नोएल लूस यांच्याशी त्यांची ओळख झाली. सत्तरीच्या दशकाच्या मध्यात, एका दुपारी, तिघं जेवत होते. कोइकी रंगात येऊन मेरवरच्या आपल्या जमिनीबद्दल सांगत होते. दोघा प्राध्यापकांनी एकमेकांकडे पाहिलं. सांगायचं कोणी? शेवटी सांगितलं : कायद्याच्या दृष्टीने ती जमीन तुझी नाही, सरकारची आहे. रेनॉल्ड्सनी पुढे लिहून ठेवलं आहे की त्यांचा चेहरा विश्वास न बसल्यासारखा झाला.

इथे बाबांनी मला थांबवलं आणि उठून दोन मिनिटं खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. का, ते पुढे येईल.

त्या काळात आणखी एक झालं. बेनी माबो आजारी होते. कोइकींना बायकामुलांसह भेटायला जायचं होतं. स्वतःच्या बेटावर जायला परवानगी लागायची आणि ती मिळाली नाही. मुख्य भूमीवर राहून हा माणूस राजकारणात पडला, संघटना करतो, हा त्याचा गुन्हा. वडील भेट न होताच गेले. बातमी तारेने आली. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. गावाबाहेर पडायचं तर पास, आणि ठरल्या वेळी चौकीवर हजेरी. आपल्या पारध्यांना, रामोशांना ती हजेरी ठाऊक आहे. क्वीन्सलँडचे 'संरक्षण' कायदे त्याच घराण्यातले. संरक्षण कुणाचं आणि कुणापासून, ते विचारू नका.

आणखी एक गोष्ट, जी खास मंडळांच्या मराठी शाळा चालवणाऱ्या बायकांसाठी आणि त्यांच्या थकलेल्या नवऱ्यांसाठी. १९७३ मध्ये या माळ्याने टाउन्सव्हिलमध्ये शाळा काढली. ब्लॅक कम्युनिटी स्कूल. दहा मुलं, एक जुनी इमारत, पैसा जवळजवळ नाही. सरकारी शाळांत आपली मुलं आपली भाषा आणि नाच विसरतात, त्यांना आपल्याच रंगाची लाज वाटायला लागते, हे त्यांना सहन होत नव्हतं. गावातल्या पुष्कळ गोऱ्यांना ही शाळा म्हणजे फुटीरपणा वाटला. शाळा १९८५ पर्यंत चालली. रविवारी सकाळी नऊ वाजता कम्युनिटी सेंटरच्या किल्ल्या शोधत, 'ळ' म्हणता न येणाऱ्या पंधरा मुलांना घेऊन बसणारी तुम्ही मंडळी. तुमच्याइतकं या माणसाला कोण ओळखणार? फरक एवढाच की आपण शाळा काढतो तेव्हा आपल्याला सरकारी अनुदान आणि बहुसंस्कृतीचं प्रशस्तिपत्र मिळतं.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठात जमीन हक्कांवर परिषद झाली. माबोंनी भाषण केलं. घोषणा नव्हत्या त्यात. मेरवर जमीन बापाकडून मुलाकडे कशी जाते, वाटण्या कशा होतात, हद्द कशी सांभाळतात, याचं सरळ वर्णन होतं. सभेत वकील होते. त्यांच्या ध्यानात आलं की दाव्याला लागतं ते सगळं या भाषणात आहे. २० मे १९८२ ला ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, पाच मेरियम लोकांनी क्वीन्सलँड सरकारवर दावा लावला : एडी माबो, सॅम पासी, डेव्हिड पासी, जेम्स राइस आणि सेलुइया मापो सॅली. त्यातली सॅली ही एकटी बाई. खटला संपायच्या आत ती गेली. नाव सगळीकडे माबोंचंच घेतलं जातं, म्हणून बाकीची चार मुद्दाम लिहिली.

दहा वर्षं. आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांच्या मानाने काहीच नाही म्हणाल, पण त्या दहा वर्षांत काय काय झालं बघा. १९८५ मध्ये क्वीन्सलँडने एक कायदा करून टाकला : बेटवासीयांचे जे काही हक्क असतील-नसतील ते १८७९ पासूनच संपले आहेत असं समजावं, भरपाई नाही. खटला चालू असताना प्रतिवादीच विधिमंडळात जाऊन दावाच रद्द करून येतो! १९८८ मध्ये हायकोर्टाने तो कायदा उडवला, तोही चार विरुद्ध तीन अशा निसटत्या मताने, वंशभेदविरोधी कायद्याच्या आधारावर. एक न्यायाधीश इकडचा तिकडे झाला असता तर आज मी हे पत्र लिहीत नसते.

वस्तुस्थिती तपासायचं काम क्वीन्सलँडच्या न्यायमूर्ती मॉयनिहन यांच्याकडे होतं. १९८९ मध्ये ते मेरवर गेले, कोर्ट बेटावर भरलं. मेरियम माणसं आजोबांनी काय सांगितलं ते सांगू लागली की सरकारी वकील हरकत घ्यायचे : ऐकीव पुरावा! ज्यांच्या समाजात सगळं ज्ञानच ऐकीव, त्यांना ऐकीव बोलू नका म्हणणं म्हणजे तोंडच बंद करणं. न्यायमूर्तींनी १९९० च्या नोव्हेंबरमध्ये निष्कर्ष दिले. त्यात एक सोन्यासारखं वाक्य होतं, त्याचा भावार्थ असा की मेरवर सार्वजनिक जमीन ही कल्पनाच नाही, प्रत्येक तुकडा कुणा माणसाचा किंवा घराण्याचा आहे. म्हणजे 'कुणाचीच नसलेली जमीन' ज्या बेटावर गृहीत धरली होती, तिथे खरं तर कुणाची नाही अशी वीतभर जागाही नव्हती.

आणि त्याच निष्कर्षांत दुसरी गोष्ट. बेनी माबोंचा दत्तक वारस म्हणून एडी माबोंनी सांगितलेला हक्क न्यायमूर्तींनी मानला नाही. त्यांच्या साक्षीवर, दुसरा विश्वासार्ह पुरावा जोडीला असल्याशिवाय, विसंबता येणार नाही असं म्हटलं.

"दत्तक नामंजूर," बाबा म्हणाले.

हे दोन शब्द मराठी कानाला कसे लागतात ते मी सांगायला नको. १८४८ मध्ये साताऱ्याची गादी आणि १८५४ मध्ये झाशी, दोन्ही याच शब्दांनी गेली. इथलं प्रकरण वेगळं, कायदा वेगळा, न्यायमूर्तींची कारणं पुराव्याबद्दलची होती, हे मला मान्य आहे. तरी ज्या माणसाने दावा उभा केला त्यालाच तू त्या घरचा नाहीस असं कागदावर सांगितलं जातं, हे शब्द वाचताना मला झाशी आठवली त्याला माझा इलाज नाही. माबोंना हा घाव फार लागला. त्या निष्कर्षांविरुद्ध भांडत बसलं तर सगळाच खटला अडकेल म्हणून त्यांचा वैयक्तिक दावा बाजूला राहिला आणि पासी-राइस यांच्या दाव्यांच्या बळावर मेरियम लोकांचा प्रश्न पुढे गेला. स्वतःची बाग गमावून त्यांनी गावाचं शिवार पुढे सरकवलं.

२१ जानेवारी १९९२ ला कर्करोगाने ते गेले. वय ५५.

निकाल ३ जून १९९२ ला लागला. सहा विरुद्ध एक. हायकोर्टाने म्हटलं की 'कुणाची नसलेली जमीन' ही कल्पना इथे लागू होत नाही. इंग्रजी राजवट आली म्हणून मूळ रहिवाशांचे हक्क आपोआप संपत नाहीत. मेर बेटाच्या जमिनींबाबत मेरियम लोकांना साऱ्या जगाविरुद्ध हक्क आहे. कशाचा? मूळ आदेशात चार इंग्रजी शब्द आहेत. मी ते बाबांना वाचून दाखवले आणि अडखळत मराठी करायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं आणि गेली चाळीस वर्षं खरेदीखतांत वाचलेलं घडाघडा म्हटलं : "ताबा, वहिवाट, वापर, उपभोग."

मग त्यांनी ती खिडकीपाशी थांबलेली गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला ते एका डोंगराळ सज्जात होते. पाहणीला गेले असता एक ठाकर म्हातारा त्यांना नाचणीच्या तुकड्यावर घेऊन गेला. हा आंबा माझ्या आज्यानं लावला, हा दगड माझ्या बापानं इथवर आणला, इथून पुढे भावाचं. कागदावर ती सगळी जमीन वनखात्याची होती. बाबांनी वहीत 'अतिक्रमण' असं लिहिलं. नियमाप्रमाणे दुसरं काही लिहिताही येत नव्हतं. म्हातारा वाचू शकत नव्हता. त्याने विचारलं, "लिवलंस ना बाबा, माझं हाय म्हणून?" बाबा हो म्हणाले.

"त्या दोन प्राध्यापकांनी निदान खरं सांगितलं," एवढंच बोलले.

महाराष्ट्रात आता वनहक्क कायदा आहे, २००६ चा. त्याच्या नियमांत गावातल्या जाणत्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला जातो, म्हणजे मेरवर ज्याला हरकत घेतली जायची तेच. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. पण त्या ठाकर म्हाताऱ्याच्या नातवाच्या दाव्याचं काय झालं ते बाबांना ठाऊक नाही. त्यांची तोवर बदली झाली होती, मग निवृत्ती.

आता आपल्याकडे वळते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इथे सार्वमत झालं. मूळ रहिवाशांना संसदेपुढे मत मांडणारं घटनात्मक व्यासपीठ द्यावं का, असा प्रश्न होता. साधारण साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं, सहाही राज्यांनी नाही म्हटलं. तुम्ही काय मत दिलं ते मी विचारत नाही. ते तुमचं तुमच्यापाशी. पण त्या दिवसांत आपल्या व्हॉट्सॲप गटांवर जे फिरत होतं ते मी जपून ठेवलं आहे. 'आपण कालच आलो, आपल्याला काय घेणं-देणं.' 'फुकटचं द्यायचं किती?' 'उद्या आपल्या घरावर दावा लावतील.' हे शेवटचं पाठवणारे गृहस्थ पेशाने इंजिनियर आहेत आणि खरेदीखत सही करण्याआधी तीन वकिलांना दाखवतात.

त्यांच्यासाठी सरळ माहिती. माबो निकालानंतर संसदेने १९९३ मध्ये नेटिव्ह टायटल, म्हणजे मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा परंपरागत हक्क, याबद्दलचा कायदा केला. जी जमीन फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीने, कुणाला देऊन झाली आहे तिथे नेटिव्ह टायटल उरत नाही, ते संपलेलं असतं. तुमचा चार बेडरूमचा ब्लॉक सुरक्षित आहे. किंबहुना तो सुरक्षित आहे याचा अर्थच असा की तिथला मूळ हक्क भरपाई न देता कधीच संपवला गेला होता. दावा लावणाऱ्याला आपल्या रीतीभाती आणि जमिनीशी नातं वसाहतपूर्व काळापासून अखंड चालत आल्याचं दाखवावं लागतं. मरी नदीकाठच्या योर्टा योर्टा लोकांचा दावा २००२ मध्ये हायकोर्टात हरला. ज्यांना जास्त हुसकावलं, ज्यांची मुलं उचलून नेली, ज्यांना भाषा बोलायला बंदी केली, त्यांचं नातं तुटलं असं सिद्ध करणं तितकंच सोपं. मेर हे लांबचं, छोटं बेट. तिथे गोऱ्या वसाहतकारांना फारसं काही नको होतं म्हणून बागा टिकल्या, म्हणून पुरावा टिकला. 'फुकटचं' हा शब्द वापरण्याआधी हे एकदा वाचा.

आणि 'कालच आलो' याबद्दल. हो, कालच आलो. म्हणूनच विचारायला हवं होतं. गावात नवीन बिऱ्हाड आलं की शेजारी पहिलं विचारतो, कुठले तुम्ही? आणि आपण विचारतो, इथे पाणी कधी येतं, जुनी माणसं कोण आहेत? आपण या देशात येऊन शाळेचे कॅचमेंट, घरांचे भाव, चांगला हापूस कुठल्या दुकानात मिळतो, हे सगळं पहिल्या सहा महिन्यांत काढलं. जुनी माणसं कोण, ते एका मोबाइलवरच्या दोन वाक्यांत उरकलं.

माबोंच्या थडग्याची गोष्ट सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. टॉरेस सामुद्रधुनीतल्या लोकांमध्ये मृत्यूनंतर काही काळाने थडग्यावरचा दगड उघडण्याचा मोठा सोहळा असतो. शोक संपला असं मानतात. ३ जून १९९५ ला टाउन्सव्हिलमध्ये तो झाला. नाच, जेवण, दूरदूरचे पाहुणे. त्याच रात्री कुणीतरी दगडावर स्वस्तिकं आणि शिव्या रंगवल्या आणि त्यावरचा माबोंचा मुखवटा उपटून नेला. ते स्वस्तिक आपलं नव्हे, नाझींचं. तरी दारात रोज ते चिन्ह काढणाऱ्या माझ्यासारखीला ते वाचताना कसंतरी होतं. घरच्यांनी मग देह मेरला नेला. सप्टेंबर १९९५ मध्ये लास गावी, जिथे ते जन्मले तिथे, त्यांना पुन्हा पुरलं. त्या रात्री मालोचा नाच झाला. कैक दशकांत तो तिथे झाला नव्हता. जिवंतपणी ज्याला बापाच्या भेटीला येऊ दिलं नाही तो असा घरी गेला.

माझं मागणं फार मोठं नाही. येत्या गणपतीत ती दोन वाक्यं मराठीत म्हणा. इंग्रजी मसुद्याची सक्ती कुणी केलेली नाही. ज्यांच्या भूमीवर तुमचा हॉल आहे त्यांचं नाव आधी चार वेळा मोठ्याने म्हणून बघा; आपल्या आडनावांचा उच्चार इथल्या लोकांनी बिघडवला की आपल्याला राग येतो ना? टाउन्सव्हिलमध्ये ती नावं वुल्गुरुकाबा आणि बिंडाल अशी आहेत, आणि मराठी जिभेला ती इंग्रजी जिभेपेक्षा सोपी जातात. शक्य असेल तर त्यांच्यापैकी कुणाला बोलवा, मानधन द्या, पहिल्या रांगेत बसवा, आणि प्रसादाला थांबायचा आग्रह करा. गायक भारतातून आणायला आपण हजारो डॉलर काढतो, तेव्हा पैशांचं कारण नको. मराठी शाळेत एक रविवार मालोची गोष्ट सांगा. मी ती मराठीत लिहून ठेवली आहे, कुणीही मागा. मुलांना आठ हातांचा देव फार आवडतो. (माझ्या मुलीने त्याला 'हात आवरणारा गणपती' असं नाव ठेवलं आहे. तिला अजून कुणी सुधारलेलं नाही.)

आणि गटांवरचे ते फॉरवर्ड पुन्हा आले तर निदान एकाने तरी उत्तर द्या. मागच्या वेळी मीही गप्प होते.

३ जूनला इथे माबो दिवस पाळतात. जूनमध्ये टाउन्सव्हिलची हवा छान असते, पाऊस नसतो, उकाडा नसतो. सकाळी दहा वाजता मी विद्यापीठाच्या ग्रंथालयासमोर असेन. थर्मासमध्ये चहा असेल, गवती चहा घातलेला. बाबा त्या वेळी परत येणार आहेत. त्यांनी फोनवर विचारलंय की त्या माळ्याने लावलेलं एखादं झाड अजून आहे का तिथे. मी चौकशी करतेय.

आपली,
टाउन्सव्हिलमधली एक मंडळसदस्य